नव्या प्लास्टरची काळजी

गवंड्याने भिंतीतले तडे फोडले, नवं प्लास्टर भरलं आणि जाताना बजावलं, "रंगाची घाई करू नका. सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, ऊन लागू देऊ नका, कुणी टेकू नका. नाहीतर भरलेलं सगळं पुन्हा उकलेल."

नवऱ्याने शब्द न् शब्द पाळला. खिडकीला जाड चादर बांधली. आईने सहज भिंतीवरून हात फिरवला, तर तिच्यावर खेकसला, "आई, कच्चं आहे ते. जरा दम धर ना." कामावरून दोनदा फोन करून भिंतीची चौकशी केली.

संध्याकाळी घरात शिरला तो ओरडतच, "अगं, भिंत पार सुकलीये. बादली भरून आण."

बायको पोट धरून दारात आली. ऑपरेशन होऊन ती परवाच घरी आली होती. टाके अजून ओले होते.

"अहो, मला घरी सोडताना डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"म्हणाल्या असतील काहीतरी. त्या सगळ्यांनाच तेच सांगतात. तू आधी बादली आण."

ती आत गेली आणि उशी घेऊन आली. रंगकामासाठी पलंग खोलीच्या मधोमध ओढून ठेवला होता, त्यावर सावकाश आडवी झाली.

"आता मी याच खोलीत. घाबरू नका, भिंतीला टेकत नाही. तिला पाणी द्यायला याल, तेव्हा एक भांडं मलाही द्या."