पुरातली नायिका

"थांबा भावजी, ही नुसती रडतच बसते का?" देबजानीवहिनींनी विचारलं आणि श्रीरंगचं वाचन थांबलं. त्याच्या नव्या कादंबरीतली बंगाली नायिका लाल काठाची पांढरी साडी नेसून नदीकाठी प्रियकराची वाट पाहत होती.

"मग काय करणार बिचारी? नदीला पूर आलाय."

"तुमचे दादा आमच्याकडे बंगालात खारफुटीची पाहणी करायला आले, तेव्हाही पूरच होता. पलीकडच्या बेटावर हे तापाने फणफणलेले. एकही नावाडी जायला तयार होईना. शेवटी मीच बाबांची होडी सोडली."

"एकट्याच?"

"दोघी कशा मावणार? येताना यांना आडवं करून आणायचं होतं."

श्रीरंगने दादाकडे पाहिलं. मटार सोलायचं थांबवून दादा हळूच म्हणाला, "मला शुद्ध आली तेव्हा चहूकडे नुसतं पाणी होतं. हिच्या हातांचे फोड फुटून रक्त येत होतं, आणि ही वल्ही मारत मोठ्याने गात होती."

"तुम्हाला भीती नाही वाटली, वहिनी?"

"वाटली ना! म्हणून तर गात होते."



"वाचा ना पुढे," वहिनी म्हणाल्या. पण श्रीरंगने पेन उघडलं आणि नदीकाठी रडत बसलेल्या नायिकेच्या पानावर आडवी रेघ मारली.