चालचलणुकीचा दाखला

विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी मिळायला आनंदला चालचलणुकीचा दाखला हवा होता. सहा वर्षांपूर्वी हवाई दलात पायलट असताना सुट्टीत गावी, आंबवड्याला आला तेव्हा त्याने दारूच्या नशेत जीप गावातल्याच कोंडिबाच्या अंगावर घातली. हवाई दलात शिक्षा झाली, बढती अडकली. पण अख्खं आंबवडे पांघरूण घालायला बसलेलं. पोलीस पाटील नानांनी लिहिलं, ‘निर्व्यसनी, गुन्हा नाही.’ साक्षीला खुद्द कोंडिबा लंगडत आला. “गावातला पयला पायलट हाय. एका पायासाठी त्याची नोकरी कशाला घालवू?” आनंदने कागद फाडला. “नाना, प्यालो, माणूस तुडवला, तसंच लिवा. तवापासनं थेंबाला शिवलो न्हाई, तेबी लिवा.” नाना हबकले, “दारात तरी उभं करतील तुला?” “न्हाई केलं तर नांगर धरीन. खोट्या कागदावर विमान चालवणार न्हाई.” कोंडिबा फतकल मारून बसला. “डावा पाय मोडला, लिवा नाना. आन वाचून दावा.”