चुंबनाची हिरवळ

नात ओर्लाचं लग्न ठरलं, त्याच वर्षी मी म्हातारपणी वाचायला शिकले. तिने मला आमच्याच आयरिश गावावरची जुन्या काळातली प्रेमकादंबरी दिली. देखणा इंग्रज जमीनदार, लाल केसांची मोलकरीण आणि टेकडीवर, लहान लहान दगडांमधल्या मऊ गवतात त्यांचं पहिलं चुंबन. ती वाचून हल्ली जोडपी तिथे लोळायला येतात.

"आजी, लग्नाचे फोटो तिथेच हं! तोंड काय वाकडं करतेस? तू आणि आजोबा कधी लोळला नाहीत वाटतं?"

मी पुस्तक मिटलं. "पोरी, बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं आहेत त्या गवताखाली. पाद्री त्यांना चर्चच्या आवारात पुरू देत नसे."



माझा थोरला भाऊ तिथेच आहे. १९४१ च्या मार्चमध्ये, जन्मला त्याच दिवशी तो वारला.