नाळेवरचा कान

"आवाज अजून साफ येत न्हाय," हिरामण म्हणाला आणि त्यानं कानाची डबी पुन्हा उघडली.

मचव्यावरच्या बाकीच्यांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. शीड उतरवलेलं होतं. सूर्य पाण्याला टेकला होता, खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा अजून लागायचा होता. घोळ मासळी याच वेळेला थव्यानं येते आणि पाण्याखाली घुरघुरते. ती घुरघुर ऐकणारा मचव्यावर एकच असतो. तो नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला बसून वल्ह्याच्या मुठीला कान लावतो, आणि तोवर कुणी खोकायचंसुद्धा नाही. त्यानं हात वर केला की जाळं सोडायचं. तो हात वर झाल्याशिवाय जाळं ओलं करायचं नाही, मग सांगणारा खुद्द मचव्याचा नाखवा का असेना.

हिरामण मिसरूड फुटल्यापासून नाळेवर बसत आला होता. या हंगामात मात्र त्यानं हात वर केला की जाळ्यात शेवाळ यायचं. त्यानं दोष वल्ह्याला दिला. वल्हं बिचारं काय बोलणार. मग मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या जावयानं भंगारातल्या टेलिफोनच्या दोन डब्या आणून दिल्या, मधे लांब तार. एक डबी सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून, डांबर फासून पाण्यात सोडायची, दुसरी कानाला लावायची. आत लोहचुंबक, त्यावर बारीक तारेचं वेटोळं आणि वर पत्र्याची पातळ चकती. आवाज खरखरला तर तारेची टोकं घासायची, मंद आला तर चुंबक चकतीजवळ सरकवायचा, एवढंच. घरी जावयानं एक डबी घंगाळात सोडून घंगाळाला टिचकी मारली होती. हिरामणची बायको कमळ डबी कानाला लावून हसली. मग हिरामणही हसला होता.

आता त्यानं तारेचं हिरवं पडलेलं टोक सुरीनं लालसर होईपर्यंत खरवडलं. चुंबक वर सरकवला, तर चकती त्यालाच चिकटून बसली. म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाची कडी कापून त्यानं मधे घातली. कडी दोनदा बोटांतून निसटली. ते सगळ्यांनी पाहिलं.

निघताना अंबाजी नाखवा त्याला म्हणाला होता, की आजही काही नाही लागलं तर उद्यापासून नाळेवर मचव्यावरचा तरणा दादू बसेल. अगदी हळू, समजुतीनं म्हणाला. ओरडून म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. किनाऱ्यावर म्हातारे भेंडीच्या झाडाखाली बसून जाळी सांधतात, येणारे-जाणारे त्यांच्याशी पोरांशी बोलावं तसं मोठ्यानं बोलतात. हिरामणला त्याची भीती वाटत होती.

त्यानं डबी मिटली, कानाला लावली आणि डोळे बंद केले.

डबीत काहीच नव्हतं. खरखरदेखील नाही. गेले कित्येक दिवस कमळ काही सांगायचं झालं की चुलीपासून उठून त्याच्या पुढ्यात येऊन बसते, हे त्याला एकदम आठवलं. त्यानं डबी आणखी घट्ट दाबली.

मागं दादू तळातलं पाणी आवाज न करता फडक्यानं टिपत होता. त्याचा हात थांबला. त्यानं खाली वाकून फळीला कान लावला आणि लगेच उचलला, कारण कान लावायची गरजच नव्हती. फळ्याफळ्यांतून घुरघुर येत होती, बेडकांनी भरलेल्या खाचरासारखी. मचव्यावर प्रत्येकाला ती ऐकू येत होती. दादूनं तोंड उघडलं. अंबाजीनं त्याच्याकडे बघून मान हलवली, तसं त्यानं ते मिटलं. सगळे नाळेकडे बघत राहिले.

"न्हाय," हिरामण डोळे न उघडता म्हणाला. "इथं काय न्हाय. पुढं चला."

वल्ह्याला कुणी हात लावला नाही.

हिरामणच्या मनगटाभोवती एक पंजा मिटला. त्यानं दचकून डोळे उघडले. त्याचा हात वर गेलेला होता आणि मनगट अंबाजीच्या मुठीत होतं. जाळं सरसर पाण्यात उतरत होतं. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

जाळं ओढायला बाकीचे सगळे लागले. तारही त्यात गुंतून आली. पाण्यातली डबी माशांच्या ढिगात येऊन पडली, चांगल्या हातभर घोळींच्या मधे. घोळी तोंडं उघडत होत्या, मिटत होत्या. दादूही काहीतरी ओरडत हसत होता. हिरामणच्या कानाला डबी तशीच होती. त्यानं एका घोळीच्या पोटावर तळहात ठेवला. आत काहीतरी धडधडत, घरघरत होतं, थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं.

अंबाजी ढिगावरून पाय टाकत आला आणि त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला, कमळ बसते तसाच, तोंडासमोर तोंड आणून.

"आता येतो काय साफ?" त्यानं सावकाश विचारलं.

हिरामण त्याच्या ओठांकडे बघत होता. तळहात त्यानं माशावरून उचलला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "येतो."