गौतमचा जबाब

"साहेब आले की घाबरायचं नाही. झालं तेवढंच सांगायचं," गौतमच्या शर्टाचं वरचं बटण लावत दर्शनाने पुन्हा बजावलं.

गौतम खाटेवर बसला होता. रे रोडच्या प्लेटिंग कारखान्यात, मुलामा चढवण्याआधी लोखंडी सामान गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून काढायचं, हे त्याचं काम. एका दुपारी टाकी उसळली आणि दोन्ही डोळे भाजले. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. डॉक्टरही आशा लावत नव्हते. वर शेठ सांगत सुटला होता, "सेफ्टीचे चष्मे दिले होते. यानेच घातला नाही."

दर्शनाची सगळी भिस्त वेनच्या साक्षीवर होती. तो शेजारच्या टाकीवर कामाला. त्यानेच गौतमचं तोंड नळाखाली धरलं होतं. पण बायकापोरं त्यालाही होती. शेठने त्याला केबिनमध्ये बोलावून घेतल्याचं तिच्या कानावर आलं होतं, तेव्हापासून तिला घास गिळवत नव्हता.

फॅक्टरी इन्स्पेक्टर जिना चढून आले, स्टुलावर टेकले. त्यांच्यामागून आलेला वेन दारातच उभा राहिला.

"कारखान्यात चष्मे मिळायचे का?" त्यांनी आधी वेनला विचारलं.

वेनने मानेवरचा घाम पुसला. दर्शनाचा जीव टांगणीला लागला.

"नाय साहेब," तो म्हणाला. "कोणालाच नाय. मागितले तर शेठ बोलायचा, ऑर्डर अर्जंट आहे, हात चालवा."

दर्शनाला हुंदका आवरेना. देवासारखा धावून आला होता माणूस.

"आता तुम्ही सांगा, गौतम."

गौतमने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"चष्मा होता साहेब. मीच काढून ठेवला होता."

"अहो! हे काय बोलताय?" दर्शना पुढे धावली. "साहेब, ते घाबरलेत हो!"

"गौत्या, खोटं कशाला बोलतोस रे?" वेनचा आवाज फुटला.

इन्स्पेक्टरने पुन्हा पुन्हा विचारलं. गौतम तेच सांगत राहिला. शेवटी साहेब उठले. त्यांच्या मागोमाग वेनही, कोणाकडे न बघता, जिना उतरून गेला.

दर्शना गौतमकडे वळली. "का केलंत असं? सुटला ना तो शेठ! आता आपल्याला कोण वाली?"

गौतमने चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला. अपघातानंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"चूल पेटायला नको का, दर्शना? शेठने शब्द दिलाय. सोमवारपासून माझ्या टाकीवर तुला घेणार आहे."