पस्तीस मिनिटांचं अंतर

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दुपारी दोनला होतं. दोन शहरांमधलं अंतर दोनशे दहा किलोमीटर. बसला पाच तास लागतात, विमानाला पस्तीस मिनिटं. म्हणून लेकीने सकाळी नऊच्या विमानाचं तिकीट काढलं. "मी येतेय, एकटी जाऊ नकोस," असं तिने आईला चारदा बजावलं होतं.

नऊचे अकरा झाले, अकराचा एक. काउंटरवरची बाई दर वेळी शांतपणे तेच सांगायची, "मॅडम, आणखी अर्धा तास." दीड वाजता लेकीने आईला फोन लावला, तेव्हा वैतागाने तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"अगं, कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" आई म्हणाली. "डॉक्टरांनी ऑपरेशन उद्यावर ढकललंय. सावकाश ये."

लेकीचा जीव भांड्यात पडला. विमान साडेचारला उडालं, पाच वाजून पाच मिनिटांनी उतरलं. सहाच्या सुमारास तिने घराची बेल वाजवली.



दार आईनेच उघडलं. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. "दमली असशील ना गं? बस, चहा टाकते."