मदिनत खलीफातला पोटमाळा

चिवड्याचा डबा पुन्हा चार बोटं खाली गेला होता. मालविकानं कालच डब्यावर पेननं खूण केली होती.

"उंदीर," श्याम बुटाची लेस बांधत म्हणाला.

"उंदीर झाकण लावून ठेवतो?"

"शिकलेला असेल. अनस्किल्डला इथं व्हिसा कुठे मिळतो?"

जेवणाचा डबा घेऊन तो मेसईदला जाणाऱ्या कंपनीच्या बसला पळाला. पहाटेचे पाच वाजत होते.

कतारमधल्या मदिनत खलीफा वस्तीतल्या त्या व्हिलाचे मालकानं प्लायवूड ठोकून चार संसार केले होते. यांच्या वाट्याला दोन खोल्या, किचन आणि पॅसेजवरचा एक काँक्रीटचा पोटमाळा आला होता. त्यात एसीचं डक्ट आणि आधीच्या भाडेकरूंचं भंगार. एप्रिलपासून तिथं काहीतरी सरकायचं. एकदा तर कुणीतरी खोकलं. ईश्वरीला शाळेत सोडून मालविका परत आली, की दुपारपर्यंत घरात ती एकटी. एकटी असावी, अशी तिची इच्छा होती.

त्यात तिनं एक अमेरिकन पॉडकास्ट ऐकला. डेन्व्हरमध्ये, १९४१ साली, एका म्हाताऱ्याचा त्याच्याच घरात खून झाला. पोलिसांनी दारं-खिडक्या तपासल्या, सगळं बंद. खुनी पुढे नऊ महिने त्याच घराच्या माळ्यावर राहत होता. छतातली फट इतकी लहान, की तिथून माणूस जाईल असं कुणाला वाटलंच नाही. भूक लागली की तो खाली उतरून किचनमधलं खायचा.

"तुम्ही एकदा वर चढून बघा," संध्याकाळी ती म्हणाली.

"शुक्रवारी बघू."

शुक्रवारी श्याम स्टुलावर चढला, टॉर्च फिरवला आणि लेंड्या आहेत असं सांगून उतरला.

"पोलिसांना सांगू या?"

"सांग. ते आधी पार्टिशनचं परमिट मागतील. मग आपण चौघं रस्त्यावर. मी, तू, ईश्वरी आणि उंदीर."

समैस्माला समुद्रकाठी राहणारी तिची मैत्रीण नफिसा फोनवर सगळं ऐकून हसली. ती मूळची रत्नागिरीची. "अगो, शुक्रवार-शनवार आवाज नाय म्हणतेस? भुताला पण वीकेंड असतो काय?"

"तू हस. मला जेवण जात नाही."

"मग नवऱ्याला विचारत बसू नको. तो उंदीर म्हणतो ना? मग उंदराचा बंदोबस्त कर. उंदीर असला तर मरेल, माणूस असला तर पळेल. माझ्याकडे एक पोरगा आहे. वीकेंडला तुम्ही इकडे या."

गुरुवारी दुपारी बारा वाजता नफिसानं पाठवलेला रामेश्वर आला. लायसन्स नव्हतं, व्हॉट्सॲप होतं. तोंडाला फडकं बांधून त्यानं पोटमाळ्याचं दार बोटभर उघडलं, मूठभर गोळ्या आत भिरकावल्या, दार लावून कडीला कुलूप घातलं आणि फटींवर टेप चिकटवली.

आतून काहीतरी जोरात सरकलं.

"बड़ा वाला है, मॅडम," रामेश्वर म्हणाला. "दो दिन घर में नहीं आने का. ये गॅस बहुत खराब है. यल्ला, निकलो."

मालविकानं पर्स उचलली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिनं पाठीमागे वळून न बघता पॅसेज ओलांडला. बाहेर नफिसाची गाडी उभी होती. ईश्वरीला शाळेतून उचललं. शाळेसाठी सायलेंटवर टाकलेला फोन पर्समध्ये तसाच राहिला. समैस्माला किनाऱ्यावर ईश्वरी शंख गोळा करत बसली. मालविका मासे-भात दोनदा घेऊन जेवली.

"बघ," नफिसा म्हणाली, "भूक परत आली."

साडेचारला तिला श्यामची आठवण झाली. त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं करूच दिलं नसतं. आता तो थेट घरी जाईल आणि गॅसमध्ये सापडेल. तिनं घाईघाईनं फोन काढला.

श्यामचे अकरा मिस्ड कॉल. पहिला बारा चाळीसचा, शेवटचा एक वाजून पाच मिनिटांचा.

तिनं लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

बसमध्ये बसायच्या आत त्याला गाठायला हवं होतं. तिनं त्याच्या ऑफिसातल्या देवव्रतला फोन केला.

"देवव्रतभावजी, यांना जरा द्या ना. किंवा निरोप तरी सांगा, आज घरी जाऊ नका म्हणावं. तुमच्याकडेच झोपा."



"वहिनी, तुम्ही अजून कतारातच आहात? आम्हाला वाटलं, नाशिकला परत गेलात. श्यामला तर मार्चअखेरीसच कामावरून कमी केलं."